नौशेरा ते चिंगस: एका सेकंड लेफ्टनंटचे चार दिवस

नमस्कार श्रोतेहो.

डेहराडूनच्या अकादमीतून बाहेर पडलेला नवा लेफ्टनंट पलटणीत रुजू होतो, तेव्हा तो 22-23 वर्षांचा असतो. हाताखाली तीसेक जवान येतात. त्यांच्यातल्या हवालदाराच्या अंगावर वर्दी चढली तेव्हा आपले लेफ्टनंटसाहेब प्राथमिक शाळेत होते. सुभेदारसाहेबांची तर बातच सोडा. आणि हीच अनुभवी माणसं सकाळी सलाम ठोकून त्या पोराच्या तोंडाकडे बघतात, हुकूम काय म्हणून. खांद्यावरचे तारे सलाम मिळवून देतात. पण गोळीबारात त्याच्या शब्दाखातर कोण उठून पुढे जाईल, ते ताऱ्यांच्या हातात नसतं.

ते कशाच्या हातात असतं, हे मला रामा राघोबा राणे यांच्या हकिकतीतून सांगावंसं वाटतं. राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. 1940 साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले. खडकीचं केंद्र आहे, तेच हे मुंबई सॅपर्स. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, हवालदार झाले. डिसेंबर 1947 मध्ये त्यांना कमिशन मिळालं. म्हणजे एप्रिल 1948 मध्ये त्यांची अफसरी चार महिन्यांचीही नव्हती, पण फौजेतली नोकरी जवळजवळ आठ वर्षांची होती. हा फरक ध्यानात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

तेव्हा काश्मीरची 1947-48 ची लढाई चालू होती आणि राजौरी पाकिस्तानकडून आलेल्या हल्लेखोरांच्या ताब्यात होती. नौशेऱ्याहून आपली फौज तिकडे निघाली: 4 डोग्रा, म्हणजे डोग्रा रेजिमेंटची चौथी पलटण, सोबत सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे. रस्ता डोंगरातला, नागमोडी. शत्रूने तो जागोजागी उखडलेला, झाडं पाडून अडवलेला, सुरुंग पेरलेला. रणगाडे पुढे जायचे तर आधी सॅपर्सनी, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर जवानांनी, रस्ता मोकळा करायचा. त्या तुकडीचे प्रमुख राणे.

8 एप्रिल, सकाळचे 11. नादपूर साउथजवळ सुरुंगांच्या पट्ट्यापाशी तुकडी काम सुरू व्हायची वाट पाहत थांबलेली असताना मोर्टारचे गोळे येऊ लागले. दोन जवान ठार, राणे धरून पाच जखमी.

राण्यांचं नाव निघालं की लोक दोरीची गोष्ट सांगतात: ते रणगाड्याखाली शिरून सरपटत सुरुंग काढत राहिले आणि दोरी ओढून चालकाला ‘चल’, ‘थांब’ अशा खुणा करत होते. गोष्ट थरारक आहे, प्रश्नच नाही. पण नव्या अधिकाऱ्याने अभ्यास करावा असं मला वाटतं तो मोर्टारनंतरच्या काही मिनिटांचा. त्यांच्या परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात याबद्दल एकच कोरडं वाक्य आहे: राण्यांनी ताबडतोब आपल्या तुकडीची पुन्हा जुळणी केली आणि काम सुरू केलं.

पुन्हा जुळणी म्हणजे काय? जखमींना मागे कोण नेणार? नेणारे गेले की पुढे किती उरले? पडलेल्याच्या हातातलं काम कोणाकडे? ज्याचा जोडीदार आत्ताच डोळ्यांदेखत गेला, त्याला लगेच सुरुंगाला हात लावायला सांगायचं, की थोडा वेळ दुसरं काही द्यायचं? हे सगळं काही मिनिटांत ठरवायचं, आणि तेही स्वतः जखमी असताना. तिथे शौर्यावरचं भाषण कामाचं नाही. कोण काय करू शकतो, कोणाचा हात स्थिर आहे, हे माणूसनिशी माहीत असावं लागतं.

राण्यांना ते का कळत होतं? कारण ते स्वतः त्याच रांगेत उभे राहून वर आले होते. अकादमीतून थेट आलेल्या मुलाकडे ती आठ वर्षं नसतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याला ती उसनी घ्यावी लागतात, सुभेदारसाहेबांकडून. विचारावं, ‘साहेब, तुम्ही असता तर काय केलं असतं?’ ऐकून घ्यावं. मग निर्णय मात्र स्वतः घ्यावा आणि चुकला तर स्वतःच्या नावावर घ्यावा. काही तरुण अधिकारी विचारण्यात कमीपणा मानतात. काही उलट, सगळंच सुभेदारावर सोडून मोकळे होतात. जवानांना दोन्ही प्रकार आठवड्याभरात ओळखू येतात.

आता 9 एप्रिलकडे येतो. सकाळी 6 पासून खपून दुपारी 3 पर्यंत राण्यांनी रणगाड्यांसाठी बगलेचा रस्ता तयार केला. ताफा निघाला तेव्हा ते सगळ्यात पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी, ती राण्यांनी सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे उडवलेली मोरी, आणि वरून मशीनगनचा मारा. सव्वासहा वाजता, उजेड जात असताना, पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, त्यावर मशीनगन रोखलेली. राणे सुरुंग काढायला लागलेसुद्धा.

तिथे ताफ्याच्या कमांडरने परिस्थिती पाहिली आणि रणगाडे रात्रीपुरते सुरक्षित जागी वळवले.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. हाताखालचा अधिकारी थांबायला तयार नाही आणि वरचा त्याला थांबवतो, यात कोणाचाच कमीपणा नाही. पुढच्याला समोरचा अडथळा दिसतो, मागच्याला अख्खा ताफा. धाडसी कनिष्ठाला लगाम घालणं हे वरिष्ठाचं काम, आणि लगाम लागल्यावर न कुरकुरता थांबणं हे कनिष्ठाचं. पहाटे पावणेपाचला राणे त्याच झाडांपाशी हजर होते, या वेळी पाठीशी रणगाड्यांची एक तुकडी. साडेसहापर्यंत वाट मोकळी. काल अंधारात जे प्राणांवर बेतलं असतं, ते नीट आधार मिळाल्यावर पावणेदोन तासांत उरकलं.

पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची रांगच होती. साडेदहापर्यंत तीही पार. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी 2 वाजता राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. तोफा-रणगाड्यांचं कौतुक करणारे इथेच टाळ्या वाजवतात. राणे मात्र मागे रस्त्यावरच राहिले, कारण रसद घेऊन येणाऱ्या गाड्या नदीच्या पात्रातून जाणार नव्हत्या. त्या रात्री 9 पर्यंत ते खाण्यापिण्याविना, विश्रांतीविना काम करत राहिले. 11 तारखेला सकाळी 11 वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. राणे रात्री 10 पर्यंत पुढचा रस्ता साफ करत होते. 12 एप्रिलला आपली फौज राजौरीत शिरली.

अन्नाविना, झोपेविना काम केल्याचं वाचून तरुण अधिकारी भारावतात. भारावावं, पण त्याचा नियम करू नये. उपाशी, जागरण झालेला माणूस नकाशा चुकीचा वाचतो आणि पहारेकऱ्यांची बदली विसरतो. डेहराडूनच्या चेटवुड हॉलमधलं वचन प्रत्येक कॅडेटला पाठ असतं: आधी देश, मग आपले जवान, आणि स्वतःचं सुख नेहमीच शेवटी. अधिकाऱ्याने जवान जेवल्यावर जेवावं, हे खरंच. पण जेवावं. राण्यांचे ते दिवस अपवादाचे होते.

आणखी एक गोष्ट. राणे त्या चार दिवसांत पडले असते तर? पलटणीत हुकूम द्यायची ठरलेली पद्धत आहे: शत्रूची आणि आपली माहिती, कामगिरी, ती कशी पार पाडायची, रसद, आणि शेवटी कमांड व संपर्क. या शेवटच्या भागात एक ओळ असते: मी नसलो तर कमांड कोणाकडे, आणि त्याच्यानंतर कोणाकडे. नवखा अधिकारी ती ओळ घाईघाईने म्हणून टाकतो; स्वतःच्या मरणाबद्दल बोलायला कोणाला आवडतं? पण ती सावकाश म्हणावी, नावं घेऊन, त्या त्या माणसाकडे बघून. मग त्यांच्यातल्या एकाला उभं करून विचारावं, ‘बोल, उद्या आपल्याला काय करायचं आहे आणि कशासाठी?’ उत्तर अडखळत आलं, तर हुकूम पहिल्यापासून पुन्हा सांगावा.

नमस्कार.