रात्रपाळीतल्या वह्या

झुरिच शहर. जानेवारी १९९७. बानहोफश्ट्रासे हा इथला बँकांचा रस्ता. युनियन बँक ऑफ स्वित्झर्लंडच्या इमारतीत रात्रपाळीचा सुरक्षारक्षक फेरी मारतोय. ख्रिस्तोफ मायली, वय २८. कागदांचा भुगा करण्याच्या खोलीत त्याला जुन्या खातेवह्यांनी भरलेल्या ढकलगाड्या दिसतात. तो पानं उलटतो. महायुद्धाच्या आसपासची वर्षं. बर्लिनमधल्या घरांच्या नोंदी.

असे कागद नष्ट करायचे नाहीत, हा आदेश स्विस संसदेने जेमतेम महिनाभरापूर्वीच काढलेला. मायली काही वह्या घरी नेतो आणि झुरिचमधल्या ज्यू समाजाच्या संस्थेकडे सोपवतो.

‘स्विस बँक’ म्हटलं की आपल्याला आठवतो तो पुढाऱ्यांचा काळा पैसा. पण या तिजोऱ्यांत छळाच्या भीतीने युरोपभरातून आलेली कष्टाची पुंजीही होती. १९३४च्या बँकिंग कायद्याचं कलम ४७ सांगतं, ग्राहकाची माहिती फोडणं हा गुन्हा. ज्यूंच्या रक्षणासाठीच हा कायदा झाला, असं पुढे खूप सांगितलं गेलं. खरं कारण वेगळं होतं. १९३२ साली पॅरिस पोलिसांनी एका स्विस बँकेच्या कचेरीवर छापा घातला, कर चुकवणाऱ्या बड्या फ्रेंचांची नावं बाहेर आली, आणि बँकांचे धाबे दणाणले.

युद्ध संपलं. वारस बँकेच्या दारात आले. वडिलांचं खातं इथे होतं, एवढंच त्यांना ठाऊक. उत्तर मिळालं: मृत्यूचा दाखला आणा.

आउशवित्झच्या गॅस चेंबरमध्ये मारलेल्या माणसाचा दाखला कुणी द्यायचा?

अशी पन्नास वर्षं गेली. मायलीने वह्या बाहेर काढल्या, आणि चौकशी त्याचीही सुरू झाली. गोपनीयता मोडल्याच्या संशयावरून. नोकरी गेली, धमक्या आल्या. बायको आणि दोन मुलांना घेऊन त्याने अमेरिकेत आश्रय घेतला. वह्या भुगा करण्यासाठी ढकलगाडीत गेल्या ही आपली चूक, असं बँकेने मान्य केलं.

ऑगस्ट १९९८मध्ये दोन मोठ्या स्विस बँका १२५ कोटी डॉलर द्यायला तयार झाल्या. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष पॉल व्होल्कर यांच्या, या खात्यांचा शोध घेणाऱ्या समितीला नाझींच्या बळींशी संबंध असू शकेल अशी सुमारे ५४,००० खाती सापडली. फेब्रुवारी २००१मध्ये त्यांतली सुमारे २१,००० नावं जाहीर झाली. तोवर ज्यांना ती वाचायची होती, त्यांच्यातले कितीतरी जण उरले नव्हते.