डोक्यावर पिवळा ठिपका

[दृश्य: ओस आवार, तापलेले पत्रे, बंद दार]

मे महिन्यातली दुपार. मराठवाड्यातल्या एका फार्मसी कॉलेजात चिटपाखरू नाही. बाहेर पारा ४२ च्या वर. मागच्या अंगाला एकाच खोलीत एसी चालू आहे, आणि तो माणसांसाठी नाही. प्राचार्य बसतात पंख्याखाली.

हे ॲनिमल हाऊस, प्रयोगांसाठीची जनावरं ठेवायची खोली. पिंजऱ्यात भाताच्या तुसावर पांढरेशुभ्र विस्टार जातीचे उंदीर. त्यांची देखभाल करणाऱ्यांना सगळं कॉलेज 'मामा' म्हणतं. मामा एकाला अलगद उचलतात. डोक्यावर पिवळा ठिपका. दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीवर. पिक्रिक ॲसिडचा हा डाग म्हणजे उंदराचं नाव. चौथ्याला काहीच नाही. ठिपका नाही तो चौथा.

[दृश्य: टेबलावर अर्ज, चहाचे कप]

उंदीर इथं येण्याआधी एक कागद फिरलाय. फॉर्म बी, म्हणजे जनावरांवर प्रयोग करायच्या परवानगीचा अर्ज. एम.फार्मच्या एका मुलीचा विषय आहे सीताफळाची पानं. बालाघाटच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही. पानांच्या अर्कानं रक्तातली साखर उतरते का, हे तिला बघायचंय. कागद विचारतो: जनावरच कशाला? हेच कशाला? किती? दुखेल किती, भूल देणार का, आणि प्रयोग संपल्यावर त्यांचं काय?

तिनं मागितले ३६. सहा गट, प्रत्येकात सहा. टेबलाभोवती संस्थेची नैतिकता समिती बसलीय: शास्त्रज्ञ, पशुवैद्यक, जनावरांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीनं नेमलेला माणूस, आणि शास्त्रज्ञ नसलेला एक सदस्य. हा शेवटचा सहसा गप्प बसतो, असा आमचा समज होता. त्यानंच विचारलं, "ताई, हे आधी कुणी करून बघितलं नाही का?" मुलगी चाचरली. अर्काच्या एका मात्रेवर आधीच काम झालेलं होतं. त्या मात्रेचा गट गेला. मंजुरी ३० ची.

[दृश्य: जुन्या राजपत्राची पानं]

ही बैठक बसते ती प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यामुळे. साल १९६०. त्यासाठी राज्यसभेत आधी खाजगी विधेयक आणलं होतं नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. कायद्यानं प्रयोगांना बंदी घातली नाही. कलम १४ मध्ये वाट ठेवली आणि वाटेवर पहारेकरी बसवला. लहान जनावरांत भागत असेल तर मोठं घेऊ नका. नुसता हात बसावा म्हणून प्रयोग नको. बी.फार्मची पोरं आता सशाच्या डोळ्यावरचा परिणाम कॉम्प्युटरवर बघतात, त्यामागं हाच विचार आहे.

१९९८ च्या नियमांनी नोंदणी आणि संस्थेतल्या समितीची घडी बसवली. मोठ्या जनावरांवरच्या प्रयोगाचा कागद मात्र केंद्रीय समितीकडेच जातो.

आणि अट मोडली तर? कलम २०: दंड, जास्तीत जास्त २०० रुपये. एवढ्यात आज एसीचा मेकॅनिक दारात यायचा नाही. धाक आहे तो कलम १९ चा. केंद्रीय समिती प्रयोगच बंद पाडू शकते, आणि प्रयोग थांबला की मुलीचा प्रबंधही थांबला.

विज्ञानही बदललंय. निम्मे उंदीर मरतील असा डोस शोधण्याची १९२७ ची रीत होती; तिच्यात जनावरांची रास लागायची. तिची जुनी चाचणी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतून काढली गेली. आता एका पद्धतीत टप्प्याला तीनच जनावरं घेतात. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या भारतात २०१४ पासून बंद आहेत. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांनाही जागा मिळाली. सीताफळाच्या पानांपर्यंत ती वाट यायला वेळ आहे. तोवर हे ३० आहेत.

[दृश्य: दिवे जातात]

लाइट गेली. एसीची घरघर थांबली तशी पिंजऱ्यांतली खुडबुड ऐकू यायला लागली. उंदरांच्या खोलीचं तापमान १८ ते २९ अंशांत ठेवायचं, अशी मार्गदर्शक सूचना आहे. बाहेरची झळ आत यायला दार उघडं राहिलं तरी पुरे.

"जनरेटर लावा की ओ!" मामा खिडकीतून ओरडतात.

थोड्या वेळानं डिझेलचा वास येतो, एसी पुन्हा घरघरतो. मामा थर्मामीटर बघून रजिस्टर उघडतात. दुपारी बाराचा रकाना कोरा आहे. तेव्हा ते डबा खायला गेले होते. पेन क्षणभर त्या रकान्यावर थांबतं. मग तो तसाच सोडून मामा तीनच्या रकान्यात लिहितात, २७.