कुंद्याचा डबा आणि विरळ हवा

नमस्कार श्रोतेहो.

कणकुंबी-जांबोटीकडं पावसाची झड लागली की घरात काय होतं, हे खानापूर तालुक्यातल्या माणसाला मी सांगायला नको. सरपण सादळतं, कपडे वाळत नाहीत, आणि चौथ्या दिवशी सासूला सुनेच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा खुपायला लागतो. आता अशा घरातली निम्मी हवाही काढून घेतली तर? अंतराळात माणसं पाठवणारे हेच जमिनीवर करून बघतात.

मॉस्कोत 2010 च्या जूनमध्ये सहाजणांना बंद कोठड्यांत घातलं. मंगळावर जाऊन आल्याचं नाटक. बाहेर काढलं 520 दिवसांनी, 2011 च्या नोव्हेंबरात. माणसं हळूहळू हलेनाशी झाली, लोळणं वाढलं. एकाचं घड्याळ असं सरकलं की त्याचा दिवस 25 तासांच्या आसपास गेला. बाकीचे घोरतायत आणि हा टक्क जागा! कोंडलं की माणूस मंदावतो. हे एक ध्यानात ठेवा, मंदावतो.

पण तिथं हवा भरपूर होती. विरळ हवेत काय होतं, ते आमच्या थोरल्या मामांकडून ऐकावं. आपल्याकडं घराआड एक फौजी, तसेच आमचे मामा. लडाखकडं 17,000 फुटांवर एका ठाण्यात सहाजण, तीन महिने. इतक्या उंचीवर छातीत जाणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याच्या जवळपास. डाळ कुकरशिवाय शिजत नाही, आणि माणसाचं डोकंही तसंच, अर्धं कच्चं राहतं.

मामींनी कुंद्याचा, आपल्या बेळगावी खव्याच्या मिठाईचा, डबा पाठवला होता. चांगला तांबूस परतलेला. (हल्ली पांढरट, मऊ काहीतरी कुंदा म्हणून विकतात. त्याला फार तर गोड खवा म्हणा.) थंडीनं त्याचा दगड व्हायचा. मग डबा बुखारीजवळ, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीजवळ, धरायचा आणि रोज रात्री प्रत्येकी एक चमचा. मामा हिशोबी, डायरीत पेन्सिलीनं रोज सहा काड्या ओढायचे.

दुसरा महिना सरताना डबा लवकर उतरू लागला. मामांना संशय सातारकराचा. कारण पक्कं होतं. कुंदा रात्री खायचा तर बुखारी पेटती हवी, आणि बुखारीवर जागायची पाळी जास्त वेळा सातारकराचीच.

"रात्री जागं कोण होतं? तूच नव्हं?"

"मला चोर म्हंतोस व्हय, बेळगावकर?"

झालं. अकरा दिवस दोघं बोलले नाहीत. दोन पथाऱ्यांत अंतर किती, तर हातभर. शेवटी मामांना त्याचं चमचा ढवळणं सहन होईना. मुद्दाम वाजवतो म्हणे! बाकीचे चौघे काही बोलले नाहीत. तिथं जो तो आपला श्वास मोजत असतो.

खाली उतरल्यावर, चार रात्री नीट झोप झाल्यावर मामांनी डायरी उघडली. त्यांच्या स्वतःच्या पाळीच्या रात्री होत्या तीन. त्या तिन्ही रात्री सहा काड्यांच्या पुढं आणखी दोन-दोन. अक्षर वाकडंतिकडं, पण पेन्सिल मामांची, हातही मामांचाच. स्वतः खाल्लं, स्वतः लिहिलं, आणि डोक्यात काही नाही! वर असताना तीच डायरी त्यांनी दहादा चाळली होती. दिसलं नाही.

ऐकलंत ना? प्राणवायू कमी पडतो तेव्हा धाप लागते, ती कळते. विसर पडतो, तो कळत नाही. ज्याचं डोकं मंदावलंय त्यालाच ते शेवटी कळतं, तोवर तो शेजाऱ्याला धरून बसतो. पुन्हा सांगतो, धाप कळते, विसर कळत नाही.

चंद्र-मंगळाच्या मोहिमांत यानातल्या हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवायचा विचार आहे, म्हणजे पोशाख चढवून बाहेर पडायची तयारी लवकर उरकते. पण दाब कमी केला की छातीत जाणारा प्राणवायूही कमी होऊ शकतो, म्हणून ही तपासणी. स्लोव्हेनियातल्या प्लानित्सा इथं धडधाकट तरुणांना 21 दिवस कोंडलं. एकदा साध्या हवेत नुसतं झोपवून, एकदा 4,000 मीटरवरच्यासारख्या कमी प्राणवायूत झोपवून, एकदा त्याच कमी प्राणवायूत पण हिंडूफिरू देऊन. मन जास्त खचलं ते कुठं? कमी प्राणवायू आणि वर लोळणं, दोन्ही एकत्र आलं तिथं. अंटार्क्टिकावरच्या कॉन्कॉर्डिया तळावर तर 3,200 मीटर उंची, डझनभर माणसं, आणि हिवाळ्याचे नऊ महिने विमान नाही. तिथंही हाच अभ्यास चालतो.

आणि आपण? बेळगावच्या हवेत खिडक्या बंद करून एसी लावतो. टिळकवाडीत नवी घरं बघा, झरोका म्हणून नाही. असो, तो विषय वेगळा.

मामांनी साताऱ्याला पत्र टाकलं, सगळं कबूल केलं. तेव्हापासून दर दिवाळीला कुंद्याचा एक डबा तिकडं जातो. गेल्या वर्षी उत्तर आलं, दोनच ओळींचं.

"डबा पोचला. खाताना काड्या ओढूलालोय, बेळगावकर, तुझ्याच भाषेत सांगतो. डायरी मात्र बायकोकडं दिलीय."

नमस्कार.