एकांतात बसल्यावर मन अधिक अस्वस्थ का होते?

नमस्कार. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाविषयी मी बोलले, तेव्हापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्याकडे येत आहे. घरातून वेळ काढून, मुद्दाम शांत जागी जाऊन नामस्मरणाला किंवा प्रार्थनेला बसले, तर मन स्थिर होण्याऐवजी अधिकच भरकटते. मग या एकांताचा उपयोग काय, असे तुम्ही विचारता. आज मी केवळ याच प्रश्नाविषयी बोलणार आहे, कारण अनेक जण नेमके याच टप्प्यावर उठून जातात आणि हा मार्ग आपला नव्हे, असे कायमचे ठरवून टाकतात.

तयारीचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगते. घरच्यांना आधी कल्पना द्यावी, जेवण हलके ठेवावे, फोन बंद करून दुसऱ्याच्या स्वाधीन करावा, साधे आसन आणि पिण्याचे पाणी जवळ असावे, आणि जपमाळ, गाथा किंवा बायबल यांपैकी जे नित्याचे असेल ते एकच सोबत घ्यावे.

जागेविषयी मात्र थोडे थांबावे लागेल. शेजारच्या घरातील मिक्सरचा आवाज येतो, म्हणून आमच्याकडे एकांत शक्यच नाही, असे एका ताईंनी लिहिले आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ध्यानाच्या जागेचे वर्णन केले आहे, त्यात झाडे आहेत, निर्मळ पाणी आहे, पाण्याजवळ हंस आणि दोन-चार सारस आहेत, कोकीळ एखाद्या वेळी येऊन बसला तरी चालतो, आणि मोर अधूनमधून आले-गेले तर ‘आम्ही ना न म्हणों’ असे ते म्हणतात. मोराचा केका किती मोठा असतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या सवलतीचे मोल कळेल. पुढे ते आडबाजूचा मठ किंवा शिवालय सुचवतात आणि दोहोंपैकी जे चित्ताला मानवेल ते निवडण्याची मोकळीक देतात. आवाजाचा पूर्ण अभाव ही त्यांची अट नाही, तेव्हा ती आपणही घालू नये.

आता अवघड भागाकडे येते. बाहेरचे बोलणे थांबल्यावर आतले बोलणे ऐकू येऊ लागते आणि पहिला बराच वेळ तेच ऐकू येत राहते: राहिलेली कामे, जुने अपमान, कोणाला काय उत्तर द्यायला हवे होते याची उजळणी. हे एकांत फसल्याचे लक्षण नाही. एकांत सुरू झाला की असेच होते, आणि या वेळात काहीही न करता बसून राहणे हीच सर्वांत कठीण पायरी आहे.

तुकाराम महाराजांकडे पाहा. देहूजवळचा भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे डोंगर त्यांच्या एकांताशी जोडलेले आहेत. 1630 च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचे द्रव्य आटले, मान गेला, एक पत्नी अन्न अन्न करीत गेली. हे सारे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगितले आहे. एवढे दुःख घेऊन डोंगरावर बसलेल्या माणसाचे मन पहिल्याच दिवशी निवांत झाले असेल, असे मानणे म्हणजे त्यांच्या साधनेची किंमत कमी करणे होय. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ हा अभंग आपण सारे आनंदाने गातो आणि त्यात एकांतवासाची रुची आहेच, परंतु ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग, अंतर्बाह्य जग आणि मन’ हे शब्दही त्यांचेच आहेत. डोंगरावर गेल्याने जग काही काळ मागे राहते, मन मात्र बरोबरच येते, आणि त्या युद्धाचा उरलेला अर्धा भाग तेथे एकट्याने लढावा लागतो.

हीच गोष्ट गीतेत वेगळ्या बाजूने येते. सहाव्या अध्यायाच्या दहाव्या श्लोकात भगवंत योग्याला एकांतात, एकटे राहायला सांगतात, आणि त्याच अध्यायात अर्जुन तक्रार करतो की, हे मन चंचल आहे आणि त्याला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे. भगवंत ती तक्रार खोडून काढत नाहीत. ते निःसंशय मान्य करून अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. तिथे माउली मनाचा एक गुण दाखवतात, जो मला फार धीर देतो: मनाला एकदा ज्या गोडीची चव लागते, तिथे ते आपणहून रमू लागते, म्हणून त्याला अनुभवाचे सुख कौतुकाने दाखवीत जावे. ‘कौतुकाने’ असे ते म्हणतात, दरडावून नव्हे. मन पळाले की स्वतःवर संतापू नका. जिथे असेल तिथून त्याला नामावर परत आणा, पुन्हा पळाले तर पुन्हा आणा, आणि हे शंभरदा करावे लागले तरी तीच त्या दिवसाची साधना समजा.

तिसरी बाजू व्यवस्थेची आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात 1976 पासून विपश्यना या ध्यानपद्धतीची शिबिरे होत आहेत. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात फोन, पुस्तके, लेखन, जपमाळ, एकमेकांशी बोलणे, सारे बाजूला ठेवावे लागते. मी नामस्मरण करणारी आहे आणि ती साधनापद्धती वेगळी आहे, तरी त्या नियमांमागील जाण मला पटते: अस्वस्थता आली की माणूस हाताला लागेल त्या वस्तूने ती झाकतो, म्हणून झाकण्याची साधनेच दूर ठेवलेली बरी.

मला मनापासून खटकणारी गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. एकांताला गेलेली माणसे तेथून छायाचित्रे पाठवतात, रोजचा वृत्तांत लिहितात, किती माळा झाल्या याचा हिशेब कळवतात. देवापुढे बसलेले असताना ते क्षण कोणाला कसे दाखवावेत याचा विचार चालू असेल, तर शेकडो माणसे तुमच्या शेजारी बसलेली आहेत, मग तुम्ही भामचंद्राच्या गुहेत का असेना. कृपा करून त्या दिवसाचे काहीही मला पाठवू नका.

वसईच्या एका दादांनी विचारले आहे की, प्रार्थनेसाठी एकांतात गेल्यावर झोपच लागते, हा दोष आहे का. माझ्या मते नाही. मार्कच्या शुभवर्तमानात येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थनेला जातो, आणि शिष्यांना जेवायलाही सवड मिळत नाही हे पाहून तोच त्यांना एकांती चला, थोडा विसावा घ्या, असे सांगतो. जुन्या करारातील एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रानातील झुडपाखाली झोपतो, तेव्हा देवदूत त्याला उठवून खाऊ घालतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि होरेब पर्वतावरची देवाची मंद वाणी त्याला त्यानंतर ऐकू येते. थकलेल्या शरीराला आधी झोपू द्यावे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. परंपरा सांगते की, तुकाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी जिजाई रोज भाकरी घेऊन भंडाऱ्याचा चढ चढत असत. मग घर चालवणाऱ्या स्त्रीने एकांत कोठून आणावा, हा तुमच्यापैकी अनेक जणींचा प्रश्न रास्त आहे. ‘दळितां कांडितां तुज गाईन अनंता’ म्हणणाऱ्या जनाबाईंनी जात्यापाशीच देव गाठला, हे खरे; परंतु त्यांचे नाव पुढे करून घरातील बाईला सवड नाकारणे मला मान्य नाही. माझी आत्या दुपारी जेवणे उरकल्यावर देवघराचे दार अर्धे लोटून बसत असे, आणि तेवढा वेळ तिला कोणीही हाक मारायची नाही, हा नियम माझ्या काकांनी आम्हा मुलांना घालून दिला होता. नियम घालणारा माणूस घरात असेल, तर डोंगराची गरज पडत नाही.

किती वेळ बसावे, हा शेवटचा प्रश्न. जैन परंपरेतील सामायिक, म्हणजे समभावाने बसण्याचे व्रत, दोन घटकांचे, म्हणजे 48 मिनिटांचे असते. आरंभासाठी मला हे प्रमाण योग्य वाटते, कारण सुरुवातीची तगमग सहन करून पलीकडे जाण्याइतका वेळ त्यात मिळतो. पूर्ण दिवसाचा किंवा अनेक दिवसांचा एकांत नंतर घ्यावा. ज्यांना तीव्र नैराश्य आहे किंवा मानसिक आजारावर उपचार चालू आहेत, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय दीर्घ मौनात जाऊ नये. आणि घरातून कोणी दिवसभरासाठी निघणार असेल, तर स्वयंपाक, मुले आणि वृद्धांची जबाबदारी त्या दिवशी कोणाकडे राहील, आणि पुढच्या वेळी घरातील कोण एकांताला जाईल, हे आदल्या रात्रीच सर्वांनी मिळून ठरवून घ्यावे.