कपाटाची किल्ली

नमस्कार श्रोतेहो.

वाचनालयातली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती, असं मला लहानपणी कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ग्रंथपालांच्या खिशातली किल्ली. पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटांना कुलूप, आणि आम्ही लाकडी कठड्याच्या अलीकडे. यादीची जाडजूड वही चाळायची, चिठ्ठीवर पाच नंबर लिहून द्यायचे. शिपाईकाका आत जाऊन यायचे आणि शांतपणे सांगायचे, "पाचही बाहेर आहेत." एका कादंबरीसाठी मी दोन महिने खेपा घातल्या. ती कुणाच्या उशाशी पडून होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण त्या कुलपावर रागावण्यात अर्थ नव्हता. पुस्तक हरवलं तर दुसरं आणायला संस्थेकडे पैसे असायचे कुठे? सगळा संसार वर्गणीवर आणि देणगीवर. आपली वाचनालयं जुनी आहेत. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं १८४० सालचं. पण तेव्हा तिथं भर होता तो इंग्रजी पुस्तकांवर. मराठी ग्रंथांचं स्वतंत्र संग्रहालय हवं, हे १८९३ साली ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनावर घेतलं. पाच वर्षांनी मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं.

बडोद्यात मात्र गोष्टच वेगळी घडली. सयाजीराव गायकवाडांनी शिक्षण सक्तीचं केलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेलं पुसून जाणार. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय, मुलांसाठी वेगळा विभाग, खेड्यापाड्यांत वाचनालयं. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे फिरत्या पेट्या. पुस्तकांनी भरलेली पेटी गावात जायची, वाचून झाली की परत यायची. वाचकानं पुस्तकाकडे यावं, हा नियमच त्यांनी उलटा केला. तोही शंभर वर्षांपूर्वी!

आपल्या राज्यात ग्रंथालयांचा कायदा झाला १९६७ साली. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आले, अनुदान आलं, तपासणी आली. मद्रासनं १९४८च्या कायद्यातच ग्रंथालय कर ठेवला होता. आपण तो ठेवला नाही. त्यामुळे अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणं, हेही आपल्या ग्रंथपालाच्या कामात धरायला हवं.

पुढे कार्डांचे खण गेले, संगणक आला, पुस्तकाच्या पाठीवर काळ्या रेघांची पट्टी चिकटली. आणि बऱ्याच ठिकाणी कपाटं उघडी झाली. आता आत जा, पुस्तक काढा, दोन पानं चाळा, नको असेल तर ठेवा. ज्या सुखासाठी आम्ही तरसलो ते हे. गंमत अशी, की किल्लीची गरज संपली तेव्हा कपाटांपुढची गर्दीही ओसरली होती.

गर्दी आता वरच्या मजल्यावर असते, अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी लवकर येऊन जागा धरतात. स्वतःची पुस्तकं, स्वतःचा डबा, पाण्याची बाटली. वाचनालयाकडून त्यांना हवी असते खुर्ची, दिवा, पंखा आणि शांतता. काही जुने सभासद यावर नाक मुरडतात. मला तसं वाटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथल्या मुलीला मिळालेली एक शांत खुर्ची ही पुस्तकाइतकीच मोठी सेवा आहे. फक्त दुपारी डोळ्यांवर झापड आली की तिनं खाली उतरून कपाटापाशी पाच मिनिटं उभं राहावं, एवढीच माझी हाव.

दिवाळी अंकांची योजना मात्र आहे तशीच आहे. एकदा पैसे भरा आणि एकेक करून अंक नेत राहा. परवा मी जरा उशिरा पोहोचलो. हव्या असलेल्या तीन अंकांची नावं सांगितली. काउंटरवरच्या मुलीनं पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "काका, तिन्ही बाहेर आहेत."