शमवणाऱ्या प्रथिनाची पारख

मित्रहो, दाह पेटवणाऱ्या रेणूंबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज तो शमवणाऱ्याबद्दल, म्हणजे इंटरल्यूकिन-१० या प्रथिनाबद्दल, बोलू.

१९८९ साली फिओरेन्टिनो, बॉन्ड आणि मॉसमन यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. तेव्हा त्याला 'सायटोकाइनची (म्हणजे पेशींमधल्या निरोप्या प्रथिनांची) निर्मिती रोखणारा घटक' असं म्हणत, आणि मला ते जुनं नाव आजही जास्त आवडतं, कारण काम त्यातच सांगितलेलं आहे. हे किती महत्त्वाचं, ते १९९३ मध्ये कळलं. ज्या उंदरांमधलं याचं जनुक बंद केलं होतं, त्यांच्या आतड्यांना जुनाट दाह झाला.

प्रयोगशाळेत आपल्या हाती ते येतं कुपीत, कोरड्या पावडरीच्या रूपात. थर इतका पातळ असतो की नवख्याला कुपी रिकामीच वाटते. म्हणून झाकण उघडण्याआधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. माझं सुरुवातीचं एक आख्खं मालिकाभर काम वाया गेलं, कारण मी प्रथिन साध्या बफरमध्ये फार विरळ करून ठेवलं होतं. इतक्या कमी प्रमाणातलं प्रथिन प्लास्टिकलाच चिकटून बसतं. थोडं अल्ब्युमिन, म्हणजे आधार देणारं दुसरं प्रथिन, घालायचं, लहान लहान भाग करून गोठवायचे आणि एकदा वितळलेला भाग परत गोठवायचा नाही.

या रेणूची घडणही नाजूक आहे. १६० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या एकमेकींत अशा गुंफलेल्या असतात की एकीची शेवटची दोन मळसूत्रं (हेलिक्स) दुसरीच्या घडीत जाऊन बसतात. त्यांना बांधणारा सहसंयुज बंध नाही, त्यामुळे आम्लात त्या सुट्या होतात, आणि सुटी साखळी कामाची नाही. मानवी प्रथिनावर शर्करेच्या साखळ्या नसतात, म्हणून ते ई. कोलाय जीवाणूतही बनवता येतं.

खरी मेख इथेच आहे. ई. कोलायच्या बाह्य आवरणात एलपीएस असतं, ज्याला आपण एन्डोटॉक्सिन म्हणतो. दाह पेटवायला प्रयोगशाळेत आपण तेच वापरतो! शुद्धीकरणात त्याचा अंश राहिला तर काय होईल? पेशी चेतवल्या जातील आणि चूक लगेच दिसेल, असं वाटतं. पण मोनोसाइट, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, रात्रभर किंचित एलपीएसमध्ये राहिल्या की त्यांना त्याची सवय होते. दुसऱ्या दिवशी भरपूर एलपीएस दिलं तरी त्या टीएनएफ, म्हणजे दाह पेटवणारं सायटोकाइन, कमी सोडतात. इंटरल्यूकिन-१० कडूनही आपण नेमकी हीच अपेक्षा करतो. म्हणजे अशुद्धी आपल्याला हवं तेच उत्तर देते, आणि आपण आनंदाने ते वहीत लिहितो. मला या चुकीची सर्वांत जास्त धास्ती वाटते.

म्हणून एन्डोटॉक्सिनचा आकडा कुपीसोबतच्या कागदावर वाचाच, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच प्रथिनाचा एक भाग उकळून शेजारच्या नळीतल्या पेशींना द्या. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, एलपीएस मात्र बहुतांशी टिकून राहतं. दुसऱ्या नळीत न उकळलेल्या प्रथिनासोबत इंटरल्यूकिन-१० चा ग्राही (पेशीवरची त्याला पकडणारी जागा) अडवणारं प्रतिपिंड घाला. पेशी शांत होण्यामागे खरोखर इंटरल्यूकिन-१० असेल, तर या दोन्ही नळ्यांमध्ये टीएनएफ पुन्हा वर चढलेला दिसेल.