नाव एकीचं, घर शेजाऱ्याचं

नमस्कार मंडळी. आज जरा लांब जाऊया, इंग्लंडात, वॉरिकशायरमधल्या विल्मकोट नावाच्या छोट्याशा गावात. शेक्सपियरच्या स्ट्रॅटफर्ड गावापासून तीनेक मैलांवर असेल. तिथे दोन जुनी शेतघरं आहेत, अगदी शेजारीशेजारी. एक एकदम देखणं, काळ्या लाकडांची उभी नक्षी, मधे पांढरा गिलावा, कॅलेंडरवर शोभेल असं. दुसरं विटांचं, साधं, ज्याकडे कुणी मान वळवूनही बघणार नाही.

आता शेक्सपियरच्या आईचं माहेर विल्मकोटचं. मेरी आर्डेन तिचं नाव, वडील रॉबर्ट आर्डेन, बऱ्यापैकी सधन शेतकरी. आठ मुली, मेरी सगळ्यात धाकटी, आणि १५५६ मधे बाप गेला तेव्हा मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी त्याने हिच्यावरही टाकलेली, शिवाय जमीन आणि ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. धाकट्या लेकीवर एवढा विश्वास! घरातल्या मालमत्तेची यादीसुद्धा टिकलीय, एकूण किंमत ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्स. त्यात बैल, गायी, मेंढ्या, मधमाश्या, छताला टांगलेलं बेकन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, आणि भिंतीवर लावायची ११ चित्रं रंगवलेली कापडं. मला ती कापडं फार आवडतात, भिंतीवरचे विणलेले गालिचे परवडत नाहीत म्हणून कापडावर चित्रं रंगवून घ्यायची, पण भिंत उघडी नाही ठेवायची.

मग त्या दोन घरांतलं मेरीचं घर कुठलं? अठराव्या शतकाच्या शेवटी स्ट्रॅटफर्डमधे जॉन जॉर्डन नावाचा एक माणूस होता, धंद्याने गाड्यांची चाकं बनवणारा, हौसेने कवी आणि वर पर्यटकांना फिरवणारा गाइड. त्याने बोट दाखवलं त्या देखण्या घराकडे, म्हणाला हेच मेरीचं माहेर. झालं! गाइडने सांगितलं आणि लोकांना पटलं, कारण दिसायलाही ते तसंच होतं ना. १९३० मधे शेक्सपियर बर्थप्लेस ट्रस्टने, म्हणजे शेक्सपियरशी जोडलेली घरं जपणाऱ्या संस्थेने, ते विकत घेतलं, पुढे ते ग्रेड वन लिस्टेड झालं, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात वरची संरक्षित श्रेणी. इथे परवानगीशिवाय वास्तूच्या रूपाला धक्का लागेल असं काही करता येत नाही. लिस्टेड इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के त्या वरच्या श्रेणीत असतात म्हणे, तर त्यात हे.

आता जरा बांधणी बघू, कारण गंमत तिथेच आहे. ही घरं ओकच्या सांगाड्यावर उभी. लाकूड ओलं असतानाच कापायचं, कारण वाळलेला ओक इतका कडक होतो की हत्यारं बोथट होतात. एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं, आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची, लोखंडी खिळ्याचं कामच नाही, आणि मग लाकूड वाळताना आकसतं तसे ते सांधे आणखी घट्ट होतात. सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक तुकड्यावर रोमन आकड्यासारख्या खुणा कोरायचे, मग सुटा करून जागेवर उभा करायचे. मधल्या पोकळ्यांत काठ्यांची विणलेली चौकट आणि तिच्यावर माती, गवत, शेण यांचा लेप. कोकणातल्या कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजवायला नको. आणि हो, ते काळं-पांढरं रूप बरचसं व्हिक्टोरियन लोकांची हौस, मूळ ओक न रंगवता उघडा सोडायचे आणि तो उन्हापावसाने राखाडी व्हायचा.

आता गोष्ट पुढची. लाकूड ओलंच वापरायचे, म्हणून झाड कधी तोडलं हे कळलं की घर कधी बांधलं तेही जवळजवळ कळतं. झाडाची वर्षवलयं जाड-बारीक होत जातात, त्या त्या वर्षीच्या हवामानाप्रमाणे, आणि ती नक्षी ज्यांचा काळ आधीच ठाऊक आहे अशा लाकडांशी लावून बघतात. सालीलगतचं शेवटचं वलय शिल्लक असेल तर तोडलेला ऋतूसुद्धा सांगता येतो. २००० साली नॅट अल्कॉक या इतिहासकाराच्या कामातून कळलं की मेरीचं माहेर ते देखणं घर नव्हेच, ते शेजारचं साधं घर, ग्लीब फार्म! जमिनीच्या जुन्या कागदपत्रांनी सांगितलं आणि वलयांनी १५१४ च्या सुमाराचं लाकूड दाखवलं. विटांच्या आड मूळ ओकचा सांगाडा लपलेला होता.

बरं ट्रस्टने ग्लीब फार्म १९६८ मधेच विकत घेतलं होतं, पण कशासाठी, तर त्या पूज्य घराभोवतीचं शेतवाडीचं जुनं आवार टिकावं म्हणून. नशीब बघा, खरं घर वाचलं ते खोट्याचा शेजार म्हणून.

मग देखणं घर कुणाचं? अ‍ॅडम पामरचं, रॉबर्ट आर्डेनचा शेजारी. आता ते पामर्स फार्म म्हणून ओळखलं जातं. तिथल्या पारव्यांच्या घरात ६०० हून जास्त कप्पे आहेत, पिल्लं खायला पाळायचे, त्यामुळे पामरसाहेबही खातेपितेच असणार. मला वाटतं पामरचीच खरी मौज झाली, कारण जवळपास दोनशे वर्षं जग त्याच्या घरासमोर उभं राहून दुसऱ्याच कुणाला नमस्कार करत होतं आणि त्या नादात त्याचं घर मात्र जपलं गेलं. रॉबर्टच्या मृत्युपत्रात देखरेख करणाऱ्यांमधे याच पामरचं नाव लिहिलेलं आहे.